पाच फुटांवरचा नेम

मार्ली: कोल्बी, तो रबरी साप आधी काउंटरवरून उचल आणि नुसतं ऐक. मधे एक शब्द बोलू नकोस.

कोल्बी: उचलतो. पण गिऱ्हाइकांना आवडलाय गं. पाटीसकट.

मार्ली: वाचली मी पाटी. ‘मार्लीसाठी. हा हलत नाही, सावकाश नेम धर.’ अक्षर तुझंच आहे.

कोल्बी: मग काय करणार? तुझ्या आत्यानं रविवारी चर्चच्या दारातच सगळ्यांना सांगितलं. पाच फुटांवरून साप चुकला म्हणे. आणि तोही छर्ऱ्यांनी! अगं, एका काडतुसात शंभरेक छर्रे असतात. डोळे मिटून झाडलं तरी चार-दोन लागतात.

मार्ली: तेच तर! तेच सांगायला आलेय! लागतातच ना? मग मला का नाही लागले, असा प्रश्न ह्या अख्ख्या गावात एकाला तरी पडला का?

कोल्बी: पडला की. उत्तरही सापडलं. तुझा हात हलला.

मार्ली: माझा हात? नऊ वर्षांची असल्यापासून मी— जाऊ दे. तू पेंडीची पोती टाक ट्रकमध्ये, मी बोलते. हे कुणाला सांगितलंस ना, तर तो साप तुझ्या उशाशी ठेवीन. रबरी नाही, खरा.

कोल्बी: किती पोती?

मार्ली: सहा. ऐक. शनिवारी दुपारी मी कोंबड्यांच्या खुराड्यात गेले अंडी काढायला. आणि तिथे, अंड्यांच्या खोक्याखाली, हा एवढा खुळखुळ्या साप! माझ्या मनगटाएवढा जाड. शेपूट वाजवतोय नुसती. मी हळूच मागं सरले, ट्रककडे धावले, कप्प्यातून आजोबांचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यात आजोबांनी स्वतः भरलेली छर्ऱ्यांची काडतुसं, नेहमीसारखी. परत आले, तो तिथंच. नेम धरला, चाप ओढला.

कोल्बी: आणि चुकलीस.

मार्ली: आणि ‘फट्’! धूर, जळका कागद, आणि सापाच्या डोक्यावर गुलाबी मेण.

कोल्बी: काय?

मार्ली: मेण! गुलाबी! तो सापसुद्धा गप्प झाला दोन सेकंद. मग दुप्पट जोरात वाजायला लागला. मी परत चाप ओढला, तर काडतुसांचं चाक फिरेचना. घट्ट. समोर साप, हातात नुसतं लोखंड. मग मी काय केलं, पाण्याची बादली उचलली, पाणी ओतलं त्याच्या अंगावर, बादली उलटी घातली त्याच्यावर, आणि वर बसले.

कोल्बी: सापावर बसलीस?

मार्ली: बादलीवर! साप आत. खालून सगळं थरथरतंय. हसतोस काय! तुला बसवलं पाहिजे एकदा.

कोल्बी: नाही हसत. बोल, बाई. पण ते मेण कुठून आलं?

मार्ली: तेच शोधत होते ना बसल्या बसल्या. चाक दाबून उघडलं, तर माझ्या मांडीवर छर्रे सांडले. मोहरीसारखे घरंगळत. काडतुसांची तोंडं उघडी! तुला ठाऊक आहे ना आजोबा कसं भरतात? पुंगळीत दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, मग पुन्हा चकती, आणि वरून सरसाचा एक थेंब. चाळीस वर्षं असंच. एकही सांडलं नाही.

कोल्बी: माझ्या बाबांनाही तेच भरून देतात. सरसच असतो.

मार्ली: असायचा. ह्या वसंतापासून त्यांचा हात थरथरतो. थेंब चकतीवर पडतच नाही, बोटांवर पडतो. मग त्यांनी युक्ती काढली. आत्यानं त्यांच्या वाढदिवसाच्या केकवर ब्याऐंशी मेणबत्त्या लावल्या होत्या, आठवतं?

कोल्बी: आठवतं. अग्निशामक दल बोलवायची वेळ आली होती.

मार्ली: त्याच वितळवल्या! वरून मेण ओतलं. ते पसरलं तरी चालतं ना. गुलाबी, निळं, पिवळं. आणि मी शहाणी, ते भरलेलं रिव्हॉल्व्हर जुलै महिन्यात बंद ट्रकच्या कप्प्यात चार दिवस ठेवलं.

कोल्बी: अरे देवा. टेक्सासच्या उन्हात मेणबत्ती.

मार्ली: वितळली. चकत्या सुटल्या. एकातले छर्रे नळीतून कप्प्यात, बाकीच्यांचे चाकात अडकले. झाडलं तेव्हा आत फक्त दारू आणि वाढदिवस!

कोल्बी: मग हे सांग ना सगळ्यांना! मी आत्ता पाटी काढतो.

मार्ली: थांब रे. मी बादलीवर बसलेली, मांडीवर छर्रे, आणि घरातून कोण येतं? ग्लेन्डा आत्या. हातात थंड चहाचा ग्लास. म्हणते, ‘आवाज कसला झाला? बाबांचं काडतूस फुसकं निघालं ना? खरं सांग.’

कोल्बी: मग सांगायचं होतंस खरं!

मार्ली: तुला ईस्टरचं माहीत नाही. ईस्टरला आजोबा सहा काडतुसांत दारू घालायचीच विसरले. आत्या तेव्हाच म्हणाली होती, ‘आणखी एक चूक, आणि ते काडतुसं भरायचं यंत्र मी गाडीत घालून लबकला माझ्या घरी नेते.’ तिची गाडी दारातच होती, कोल्बी. मागचं दार उघडं. आणि ती नेणार म्हणजे नेणार. तिचं चूक आहे असं नाही म्हणत मी. तिला भीती वाटते. पण आजी गेल्यापासून तो माणूस दिवसभर गप्प असतो. फक्त त्या टेबलाशी बसला की शीळ घालतो. यंत्राचा दांडा खाली, दांडा वर, आणि शीळ. ते यंत्र गेलं तर मग काय राहिलं?

कोल्बी: मग तू काय म्हणालीस?

मार्ली: मी मांड्या घट्ट मिटल्या, छर्रे दिसू नयेत म्हणून. आणि म्हणाले, ‘काडतूस चांगलं होतं, आत्या. माझाच नेम चुकला.’

कोल्बी: पाच फुटांवरून.

मार्ली: पाच फुटांवरून. ती इतकी हसली की चहा सांडला. पुढचं तुला चर्चच्या दारात कळलंच.

कोल्बी: आणि साप?

मार्ली: आजोबा फावडं घेऊन आले. मला म्हणाले, ‘ऊठ पोरी,’ आणि एका घावात काम झालं. मग खाली वाकले. सापाच्या डोक्यावरचं ते गुलाबी बोटानं खरवडलं. माझ्याकडे पाहिलं.

कोल्बी: पण मार्ली, एक बोलू? उद्या माझे बाबा कुंपणापाशी असतील, समोर साप असेल, आणि हातात मेणबत्ती. तेव्हा?

मार्ली: मग? मला काय झोप लागली असेल? संध्याकाळी आत्या आंघोळीला गेल्याबरोबर मी सरळ त्यांच्या खोलीत गेले, सांगायचंच ठरवून. तर ते आधीच बसलेले. पन्नास काडतुसं रांगेत मांडून, दातकोरणीनं एकेकातलं मेण उकरत होते. वर न बघता म्हणाले, ‘नऊ वर्षांची असल्यापासून तू चुकली नाहीस.’ आणि पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

कोल्बी: बसलीस?

मार्ली: बसले. आता दारू ते काट्यावर तोलतात, मी आकडा बघते. छर्रे ते ओततात, चकती आणि सरस माझ्याकडे. एक तयार काडतूस सोमवारी दिवसभर ट्रकच्या काचेखाली, उलटं, केकच्या ताटलीवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक छर्रा पडला नाही. तुझ्या बाबांची जुनी सगळी परत दे, ही घे नवी. म्हणून तर आले.

कोल्बी: हे भारी केलंस. मग झालं की सगळं नीट.

मार्ली: नीट? आत्यानं मला भेट पाठवलीय. येत्या शनिवारी नेमबाजीचा वर्ग. नवशिक्यांचा. माझं नाव घातलं, फी भरली. बाकीची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत.

कोल्बी: आठ-नऊ वर्षांची? आणि तू त्यांच्यात?

मार्ली: हस. हस एकदाचा.

कोल्बी: सॉरी. पण आजोबांना कळलं का हे?

मार्ली: काल कळलं. म्हणाले, ‘बस झालं. मी ग्लेन्डाला फोन करून सांगतो काय झालं ते.’ आणि खरंच सांगितलं असतं त्यांनी. पण बोलताना त्या यंत्राचा दांडा असा धरून बसले होते, जसा कुणी निरोप देताना हात धरतं. सोडतच नव्हते. मी म्हटलं, राहू दे आजोबा, मला शनिवारी काही काम नाही... तू काय केलं असतंस, कोल्बी?