कड्याखालचं घर

एजंट : ...आणि ही मागची खोली. हिच्याबद्दल आधीच सांगून टाकतो, नंतर मला बोल लावायला नको. इथे उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही.

आई : उन्हाळ्यातही नाही?

एजंट : उन्हाळ्यातही नाही, काकू. मागे कडा उभा आहे ना, अगदी अंगावर आल्यासारखा.

लेक : झालं तर मग. चल आई. तळ्याकाठच्या घरात ऊन कसं भरभरून येत होतं! तुझे गुडघे दुवा देतील.

आई : गुडघे माझे आहेत, मला विचारून दुवा देतील. अहो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खुंट्या ठोकल्या तर चालतील?

एजंट : ठोका की. पण कपडे वाळायचे नाहीत हं.

आई : कपडे नाहीत हो, दोर. चढाईचा दोर उन्हात वाळवला की कमजोर होतो, आणि वरून कळतही नाही. त्याला सावलीच लागते.

लेक : कसला दोर? बाबांचा?

आई : तो मी कापून टाकला.

लेक : बाबांचा दोर कापलास?

आई : हातहातभर तुकडे केले, पुन्हा कोणी अंगाला बांधू नये म्हणून. जुना दोर असाच मोडीत काढायचा, त्यांचाच नियम. चढाई शिकायला येणाऱ्या पोरांनी तोंड पाडलं की म्हणायचे, दोर लाडका असू दे, त्यावर भरवसा ठेवू नका. मी नवा घेतलाय.

लेक : मला सांगितलं नाहीस.

आई : तू तळं दाखवण्यात गुंतली होतीस.

एजंट : मी जरा बाहेर थांबू का?

आई : इथेच थांबा. साक्षीला बरे.

लेक : आई, आपलं ठरलं होतं. डोंगराच्या हवेत राहायचं, पण फिरायला सपाट वाट, दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि मी अर्ध्या तासावर. इथे मी दोन घाट ओलांडून यायचं?

आई : तू ठरवलंस, मी मान डोलावली. त्या वाटेवर माझ्या वयाची माणसं बाकांवर बसून बदकं बघत होती. मला बदकं दहा मिनिटं पुरली.

एजंट : वरच्या अंगाला बर्फावर घसरायचं गाव आहे, काकू. हल्ली हौशी लोक सगळे तिकडेच...

आई : हंगामात तिथे मुंगी शिरायला जागा नाही, आणि एरवी कुत्रं फिरकत नाही. ते नको.

लेक : पण नवा दोर कोणासाठी, आई? बाबा नाहीत आता.

आई : माहीत आहे मला. उशाशी मीच होते.

लेक : मग?

आई : हा कडा ते पहिल्यांदा चढले, तेव्हा खाली दोर कोणी धरला होता?

लेक : तू.

एजंट : हा? या खिडकीतला?

लेक : हाच. माझ्या बाबांच्या आधी तो कोणी चढलं नव्हतं. मध्यावर त्यांचा पाय निसटला, तेव्हा हिने एकटीने तोलून धरलं. तळहातांची सालटी निघाली, पण दोर सुटू दिला नाही. लोक बाबांना भेटायला यायचे, तर बाबा त्यांना आधी स्वयंपाकघरात पाठवायचे. म्हणायचे, मी नुसता चढलो, मला वर ठेवलं तिने.

आई : पुरे गं. सांगायचं काय, सारा जन्म मी मान वर करून बघत राहिले. वरून काय दिसतं ते खाली येऊन सांगायचे, आणि मी ऐकायची. आता मला स्वतः बघायचंय.

लेक : तू चढणार? या वयात?

आई : अख्खा कडा नाही. पहिल्या टप्प्यापर्यंत. तिथे दोघं बसतील एवढी जागा आहे म्हणे. दर बुधवारी गिर्यारोहणाच्या क्लबात सराव करते मी.

लेक : बुधवारी तू गुडघ्यांच्या व्यायामाला जातेस ना?

आई : गुडघ्यांनाही तेच वाटतं.

लेक : आणि दोर कोण धरणार?

आई : क्लबात एक दंतवैद्य बाई आहे. दाढा उपटून उपटून हात खंबीर झालेत तिचे.

लेक : परकी बाई?

आई : परकी कसली? माझा जीव तिच्या हातात असणार.

(लेक खिडकीशी जाते आणि मान वर करून कड्याकडे बघते.)

लेक : अहो, हे घर नक्की करा. आईच्या नावावर.

एजंट : पण ताई, ऊन...

लेक : सावलीच हवी आहे, ऐकलंत ना? आणि आई, त्या बाईंना सांग, तुम्ही आपल्या दाढाच काढा म्हणावं. दोर मी धरेन.

आई : तू? दार आपटलं तरी दचकतेस तू.

लेक : मग शिकव. तूच शिकवायचंस.

आई : हातांचं शिकवेन, ते सोपं आहे. अवघड असतं ते नजरेचं. मी वर असेपर्यंत माझ्यावरून नजर हलवायची नाही. डोळे भरून आले तरी.

लेक : तू काय करायचीस, डोळे भरून आले की?

आई : भरू द्यायची. पुसायला हात मोकळे कुठे असायचे?