दहा हजारांचं शहर

नेब्रास्कातल्या ब्रॅकनविल नगरपालिकेत टांग्याचा परवाना घ्यायला आलेला लेम्युएल रांगेत उभा होता. पुढे एक विधवा कारकुनाला धारेवर धरत होती.

"माझा नवरा अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या हिमवादळात गेला. यंदाच्या शिरगणतीत तो जिवंत कसा?"

"बाई, शहराची वस्ती बरोबर दहा हजार भरलीय. त्यांना काढलं तर एक कमी पडतो."

"अहो, शुक्रवारी माझं लग्न आहे. पहिला जिवंत असताना पाद्री दुसरं लावील का?"

"स्टेशनात दहा हजारांची पाटी लागलीसुद्धा. शेजारचे हॅलमवाले हसतील आपल्याला."

"मग मी काय करू?"

"जरा दम धरा. मिसेस क्रम्प ऑक्टोबरात बाळंत होतील."

"तोवर माझा होणारा नवरा अ‍ॅन्सेल्म थांबायचा नाही. हॅलमचं घर विकून इकडे राहायला येतोय तो."

"हॅलमचा? म्हणजे आपला एक वाढला आणि त्यांचा एक घटला?"

"तसंच की."

कारकुनाने वही ओढली, नाव खोडलं आणि टोपी काढून छातीशी धरली.

"फार वाईट झालं, बाई. अगदीच अचानक गेले हो."