सुरईचा जोडा

...नाही नाही, हसू नका तुम्ही! तुमच्या घरात असली एखादी वस्तू असेल ना, तर गपचूप पुसा, फळीवर ठेवा अन् विसरून जा, पण तुम्हाला सांगतो, जुन्या वस्तूची किंमत काढायला जाऊ नका! मी गेलो. इरिगेशनमधून रिटायर झालेला माणूस, वेळ जात नाही, बायको म्हणते बाहेर जा, गेलो सराफ्यात, पिशवीत आईची सुरई घेऊन.

सुरई कसली? तर बिदरीची! काळीभोर, लांब मानेची, अंगावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. दर दिवाळीला आई तिला खोबरेल तेलाचं बोट लावून अशी पुसायची की तोंड दिसावं. अन् एक नव्हती हो, दोन होत्या! टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, द्वारपालासारख्या. आई गेली तेव्हा मी म्हटलं, "जोडी मोडू नये." माझी धाकटी बहीण चारुता, कन्नड गावात शाळेत शिकवते, तीपण म्हणाली, "जोडी मोडू नये." म्हणजे बघा, एकमत! फक्त तिचं म्हणणं जोडी कन्नडला जावी अन् माझं म्हणणं इथं सिडकोत माझ्याकडंच राहावी... मग काय? एक तिनं उचलली, एक मी ठेवली, अन् बोलणं बंद. भाऊबीज बंद. राखी यायची, पण कुरिअरनं! सोबत एक अक्षर नाही!

तर सराफ्यामागं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथल्या चाचांनी सुरई फिरवली, बुडाकडून बघितली, डॉक्टर पोट दाबतो तशी चहूकडून दाबली अन् म्हणतात, "माल तो अच्छा दिखता साब. इसका जोडा किधर है?"

म्हटलं, "कन्नडला."

"तो लाव ना! अकेली कू कौन पुछता?"

आता आली का पंचाईत! मी फोन कसा करणार? मोठा भाऊ आहे मी! शेवटी आमच्या मनस्विनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं केला. अन् चारू आली की हो! एसटीनं आली, मांडीवर सुरई, शालीत गुंडाळलेली, तान्ह्या बाळासारखी. दुकानात माझ्याकडं बघेना, चाचांनाच म्हणते, "तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, मी फक्त किंमत ऐकायला आलेय." गिऱ्हाईक! सख्खा भाऊ!

चाचांनी खिशातून लोहचुंबक काढलं. माझ्या सुरईला लावलं... घसरलं. माझं तोंड एवढंसं झालं. चारूच्या सुरईला लावलं... टक्! अन् ही बया, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, काय बोलली? "बघ दादा, माझी चिकटली!"

चाचा म्हणतात, "चिपकी मतलब लोहा है बाई. बिदरी में लोहा रहताच नै. ये किसी ने बाद में बनाई."

पोरीचा चेहरा उतरला हो. मला काय वाटायला पाहिजे होतं? आनंद! झाला का? नाही झाला. तुम्हाला सांगतो, म्हणून म्हणतो, जुन्या वस्तूची किंमत काढायला जाऊ नये!

मी तिथूनच फुलंब्रीच्या मावशीला फोन लावला. आईची बहीण, कानानं कमी ऐकते, म्हणून स्पीकरवर. अख्खं दुकान ऐकतंय! "कोण? सिरंग? सुरई व्हय? आरं ती तर तुझ्या बापानं फोडली! पुसायला घेतली अन् सटकली हातातून, मान येगळी, पोट येगळं. आता आपली आई काय म्हणंल म्हणून तुझा बाप, केशवराव, लई घाबरले. मंग तुझ्या आईनं, सरोजीनं, कोण्या कारागिराकून लोखंडाची तशीच करून आणली, ठिवली जागेवर. म्हणली, कोणाला सांगू नको, ह्यांची मान खाली जाईल. मी नाय बरं सांगितलं कोणाला!"

मला आठवलं, आमचे वडील, अण्णा, त्या सुरयांना कधी हात लावायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, आळशी आहेत! अन् आई... आई दोन्ही सुरया सारख्याच पुसायची हो. पाहुणे म्हणायचे, "वा, काय जुनं काम आहे!" ती पदरानं हात पुसत नुसती हसायची. जन्मभर नवऱ्याची लाज झाकली, अन् आम्ही? आम्ही ती अर्धी अर्धी वाटून घेतली अन् भाव विचारायला आलो!

चारू रडायला लागली. मी म्हटलं, "चारू, खरी तू घे."

"मला नको खरी! मला आईनं आणलेली पाहिजे."

"अगं, ती तर मलाच पाहिजे! मी मोठा आहे!"

"माझ्याकडंच होती ती! माझी आहे!"

चाचांनी कपाळावर हात मारला. "उमर गुजर गई मेरी इस धंदे में, नकली के वास्ते लडनेवाले पहली बार देख रहा!" किंमत त्यांनी सांगितलीच नाही. आम्हीपण विचारली नाही.

घरी आलो तर मनस्विनीनं दोन्ही सुरया ताब्यात घेतल्या, फ्रिजवर ठेवल्या, म्हणाली, "ठरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." तेव्हापासून चारूचा रोज फोन. "दादा, माझी लोखंडाची कधी देतोस?" मी म्हणतो, "देणार नाही!" मग ती चिडते, मी चिडतो, मग म्हणते, "बरं, जेवलास का? गुडघा कसाय?" मग तिची शाळा, तिची हेडबाई, आमच्या मुलाची, वरदची, पुण्यातली नोकरी... कान गरम होतो हो फोननं!

मनस्विनी म्हणते, "अहो, देऊन टाका ना तिला, एवढं काय अडलंय?"

द्यायचीच आहे हो मला... पण दिली, तर ती फोन कशाला करील?