सातव्या गाण्यातला पाहुणा

...आणि वर म्हणतात कसे, "दाबलं की हो बटण!" अहो, दाबलंत, पण आवाज कुठे होता? मी यंत्रातून काही सोडलंच नव्हतं ना! तुम्हाला सांगतो, कान तपासायच्या कामात केस पांढरे झाले, पण बहिऱ्या माणसाचा मला कधी राग आला नाही. तो बिचारा सरळ असतो, ऐकू आलं नाही की गप्प बसतो. राग येतो तो या दुसऱ्या नमुन्यांचा! काचेच्या खोलीत बसतात, कानांवर हेडफोन, हातात बटण, मी घसा फोडून बजावलेलं असतं, "बारीक 'टूं' ऐकू आलं तरच दाबा हं," आणि हे आपले सुटलेत... टक, टक, टक! का? तर चारचौघांत बरं दिसावं! मग मी काचेवर टकटक करतो आणि सांगतो, "काका, आवाज नसताना बटण दाबायचं नाही!" हे माझं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, कारण यापुढे माझीच शोभा होणार आहे.

झालं काय, आमच्या मुलीनं अल्बम काढला. हिपहॉपचा. आता साधं हिपहॉप असतं तर मी ऐकलं असतं... नाही, तरी नसतं ऐकलं, खोटं कशाला बोलू? पण हे तर प्रायोगिक! आणि वर फुकट! "नेटवर टाकलाय बाबा, कुणीही उतरवून घ्या." तेरा गाणी, आणि प्रत्येक गाण्यात एक पाहुणा रॅपर. मी पेपरात डोकं घालून बसलेलो. "ऐकशील ना बाबा?" "हं." झालं, माझ्या लेखी विषय संपला. पण चार दिवसांनी पोरगी पुन्हा पुढ्यात उभी. "ऐकलास?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ऐकला की! छान आहे!"

काय गरज होती हो? कुणी गळा धरला होता माझा?

"कुठलं आवडलं?" आता आली का पंचाईत! पहिलं म्हणावं तर ते सगळेच म्हणतात, शेवटचं म्हणावं तर म्हणेल शेवटी काय होतं सांग. म्हणून मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "ते... मधलं गं! मधलं एकदम जोरदार!" तशी पोरगी बघतच राहिली माझ्याकडे. "मधलं? खरंच? तुला राग नाही आला?" मी म्हटलं, राग कसला, कलाकृती आहे! तिचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू... आणि त्या आनंदात तिनं जाहीर केलं, की रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, कारण बाबांना मधलं आवडलंय.

रविवारी दुपारी बसलो. मी, आमची ही, आणि हिचा भाऊ. हा मेहुणा म्हणजे रंगाचा दुकानदार, पण बोलायला लागला की जगातला कुठलाही विषय त्याच्या दुकानातलाच. "दाजी, तुम्ही कानाचे माणूस, तुम्हीच निकाल द्या!" झालं! मी लगेच मांडी ठोकून परीक्षक झालो.

पहिलं गाणं लागलं. घडघड घडघड... मी म्हटलं, स्पीकर बिघडला. "नाही बाबा, ते आपलं कपडे धुवायचं मशीन आहे." मशीनवर ताल! आणि त्या तालावर एक पाहुणा इतका हळू कुजबुजतोय, की जणू शेजारी कुणी झोपलंय. दुसऱ्या गाण्यातला पाहुणा बरोबर उलटा, मागे कुत्रं लागल्यासारखा, "खिडकी आहे भिंत नाही, भिंत आहे घर नाही, घर आहे कोण नाही, कोण आहे बोलत नाही..." अरे, श्वास घे की बाबा! चौथ्यात तर पाहुणा नुसताच श्वास घेतो! दुसऱ्याचे राहिलेले घेत असावा. ही म्हणाली, "डॉक्टरला दाखवलं का त्याला?" मेहुणा डोळे मिटून मान डोलवतोय, "खोल आहे, फार खोल आहे..." याला झोप लागलीय हे माझ्या अनुभवी नजरेतून सुटतंय होय?

आणि लागलं सातवं. मधलं.

सुरुवातीलाच... टूं! मी ताडकन उठलो. "अगं, हा तर माझ्या यंत्रातला आवाज! हजार हर्ट्झचा!" छाती फुगली हो माझी! मग त्या 'टूं'वर एक पुरुषी आवाज यायला लागला. "हं... हं... बोल, ऐकतोय... तोय... तोय..." पुन्हा टूं, पुन्हा "ऐकतोय ना, बोल तू." आणि पोरगी टक लावून माझ्याकडे बघतेय. मला वाटलं, तज्ज्ञाचं मत हवंय हिला. मग काय, दिलं! तपशीलवार दिलं! "बाकी सगळं ठीक आहे, पण हा पाहुणा काढून टाक. एक तर नाकात बोलतो, आवाजात जीव नाही. आणि लबाड आहे गं! 'ऐकतोय, ऐकतोय' म्हणतोय, पण अजिबात ऐकत नाहीये. असली माणसं मी रोज पकडतो. आवाज नसताना बटण दाबणारा आहे हा! कोण आहे? मित्र आहे का तुझा? जपून राहा हो याच्यापासून!"

मेहुण्याला नेमकी आत्ता जाग आली आणि तो छताचा रंग तपासायला लागला.

आमची ही म्हणाली, "अहो... तुम्हीच आहात तो."

मंडळी, स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडातूनही ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंगमधला परका वाटतो, हे मी रोज, अगदी रोज पेशंटना समजावतो! यंत्राचा आवाज ओळखला, स्वतःचा नाही! धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पोरगी चिडली असती तरी चाललं असतं. ती एवढंच म्हणाली, "पण बाबा, तू तर म्हणालास मधलं आवडलं." आणि स्पीकर उचलून आत गेली. उरलेली गाणी लावलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काचेच्या खोलीत शिरलो, पेशंटच्या खुर्चीत बसलो, हेडफोन चढवले आणि लावलं सातवं. तेव्हा कळलं... माझ्या आवाजाच्या खाली तिचा आवाज आहे. घरी स्पीकरवर तो दबला होता, आणि वर मी बोलत होतो. मी पेपरात डोकं घालून बसलेलो असताना तिनं आमचं बोलणं गुपचूप टिपलं होतं. ती विचारतेय, "बाबा, गाणी झाली. विकायला ठेवू की फुकट सोडू? कुणी विकत घ्यावीत इतकी चांगली आहेत का? तू सांग, म्हणजे ठरवते." मी, "हं, ऐकतोय." तिनं तेच पुन्हा विचारलं, जरा हळू. मी, "बोल ना." आणखी हळू. तुमच्या लक्षात येतंय का? माझ्याच यंत्रासारखी पायरीपायरीनं आवाज खाली नेत होती पोर! माझीच तपासणी चालली होती, माझ्याच घरात! शेवटी तर तिनं काहीच विचारलं नाही. नुसती शांतता. आणि त्या शांततेत मी, ठणठणीत आवाजात, "हो हो, ऐकतोय, छान आहे!"

म्हणून तो अल्बम फुकट आहे, मंडळी. लाज वाटली. खरंच सांगतो, बाहेर पेशंट थांबले होते, पण मी खुर्चीतून न उठता उरलेली गाणीही ऐकून काढली.

संध्याकाळी घरी गेलो आणि म्हटलं, "सगळा ऐकला गं. सातव्यातला खालचा आवाज सगळ्यात चांगला आहे. आणि विकण्याइतका चांगला आहे." ती म्हणाली, "आता काय बाबा, सगळ्यांनी उतरवून घेतला." पण जरा हसली. आणि मग कायदा केला. 'ऐकतोय' हा शब्द या घरात बंद! माझ्याच कपाटातलं जुनं बटण आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "खरंच ऐकू आलं, तरच दाबायचं."

काल संध्याकाळी आली, खुर्ची ओढून समोर बसली. मी पेपर दूर सारला, चष्मा काढला, बटण मुठीत घट्ट धरलं, म्हटलं आज एक अक्षर सुटता कामा नये, आज नापास व्हायचं नाही... तिनं माझ्याकडे बघितलं, श्वास घेतला, आणि...

टक!

"बाबा," ती म्हणाली, "मी अजून बोललेच नाहीये."