अंगठ्याखालचा चेहरा

आमचे आईबाप माण तालुक्यातून भांडुपला आले, कारखान्यात लागले, माझा जन्म इथलाच, आणि आता राहते नाहूरला, विहाराच्या मागे. लायब्ररीत मी लागले ती पुस्तकं पुसायला, पण माझा हात जरासुद्धा कापत नाही हे साहेबांनी बघितलं, म्हणाले, सुमन, तू कॅमेऱ्यावर बस. काय सांगू तुला पोरी, काळे पडदे लावलेली खोली, वरती कॅमेरा, खाली जुनी वर्तमानपत्रं, हात लावला की कडा झडायच्या. पान पसरायचं, फोटो काढायचा, पान उलटायचं, वर्षानुवर्षं तेच. फोटो झाले की कागद काढून टाकायचे, उरणार ती फक्त फिल्म, मुठीत मावेल एवढं रीळ आणि त्यात अख्खं वर्ष. मशीनवर लावून भरभर फिरवलं ना, की पडद्यावरून दिवस पाण्यासारखे वाहतात, लग्नं, बाजारभाव, मयती, सगळं आवाजाशिवाय, मला तर बसल्या जागी तरंगल्यासारखं व्हायचं, अजून होतं.

तर गेल्या महिन्यात दहिसरच्या गावठाणातून एक बाई आल्या, फ्लोरीबाय, सत्तरीच्या. म्हणाल्या, मी पोटात असताना बाप वारला, घरात त्याचा एक फोटो नाय, पण फुटबॉल जिंकले तेव्हा पेपरात आलेला, एकदा तोंड बघायचंय. त्या वर्षाचं रीळ लावलं, पान सापडलं, अकरा जण रांगेत उभे, खाली नावं, बापाचं नाव तिसरं, आणि तिसऱ्याच्या तोंडावर अंगठा. माझा अंगठा गं. पान वळत होतं म्हणून दाबलं असणार, नखावरचा व्रण ओळखला मी. फ्लोरीबाय म्हणाल्या, कोण हा मेला, याला माझाच बाप सापडला? मी म्हटलं, मीच ती. कागद तर कधीच गेलेले. त्या पिशवी आवरायला लागल्या.

मग आठवलं, पान बिघडलंय असं कळलं तर आम्ही ते पुन्हा काढायचो आणि तो तुकडा रिळाच्या अगदी शेवटी जोडायचो. पण त्या दिवशी मला कळलं होतं का, काय माहीत. जरा बसा म्हटलं, आणि फिरवत राहिले, पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला, वर्ष संपलं, मग नुसती कोरी फिल्म, आणि मग तेच पान, स्वच्छ.

फ्लोरीबाय पडद्याला नाक लावून बघायला लागल्या. हे तर नुसते ठिपके, म्हणाल्या. जवळून तसंच दिसतं, मागे या जरा, म्हटलं. दोन पावलं, चार पावलं, भिंतीला पाठ टेकली तेव्हा म्हणाल्या, अगं बाय, याला तर माझ्या धाकट्याचे कान हायेत. आणि हसल्या.

मशीनचा दिवा तापतो, एक पान जास्त वेळ ठेवायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि हा दिवा गेला तर दुसरा आता कुठे मिळत नाही. ठेवलं मी तसंच. चार महिन्यांनी मी रिटायर होणार, मशीनचं काय करतील ते करोत. बाई भिंतीशी उभ्याच, बाप पडद्यावर, वीस-बावीसचा, त्यांच्या नातवाच्या वयाचा. शेवटी हात वर केला त्यांनी आणि बापाला म्हणाल्या, सुखी रा रे पोरा.