गोठवलेली गाडी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मोबाइलमधल्या एका क्रिप्टो नाण्यात मी पैसे टाकले ते नाणं काय असतं ते कळलं म्हणून न्हाई, तर ते विकणाऱ्या शेजारच्या भाऊसाहेबांची पांढरी गाडी पाहून. एवढी मोठी गाडी घेणारा माणूस फसवंल कशाला, असं मला वाटलं. अन् मी पोरांना गणित शिकवते.

नाणं बुडालं, भाऊसाहेब पळाले. मंग वडीगोद्रीतल्या आम्ही सगळ्या फसलेल्यांनी मिळून केस केली. कोर्टानं त्यांचं खातं, प्लॉट, गाडी, सगळं गोठवलं. निकाल लागेपर्यंत काही विकायचं न्हाई, हलवायचं न्हाई. मी उरल्यासुरल्या पैशातून गल्लीत पेढे वाटले.

पोलिसांनी गाडी शोधून आणली अन् ठाण्यात जागा न्हाई म्हणून भाऊसाहेबांच्या दारात लावली. निम्मी त्यांच्या दारात, निम्मी माझ्या फाटकापुढं. काचेवर कोर्टाचा कागद. शाळेत तपासणीला साहेब येऊन राह्यलेले, अन् माझी स्कूटी फाटकाच्या आत अडकलेली.

गाडीच्या पहाऱ्याला ठेवलेल्या हवालदाराला म्हणलं, "दादा, जरा मागं घ्या की."

"कोर्टाचा हुकूम हाय मॅडम. बिलकुल हलवता येत न्हाई."

"अहो, माझ्याच पैशाची गाडी हाय ती."

"तुमच्या एकटीच्या न्हाई. सगळ्यांच्या."

"मंग माझ्या हिश्श्यापुरती तरी सरकवा."

त्यांनी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली.

"तुमच्या हिश्श्याला साइडचा आरसा येईल," ते म्हणाले. "तो दुमडून घ्या."