चार बोटं आखूड

(सांगणारे परशराम, शहापूरचे विणकर. त्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्या मुलीने, इंदूने, लिहून घेतले.)

लिही. माझं नाव परशराम, जलम शहापुरातला, बाप मागावर, आज्जा मागावर, आणि माझी आई सांगायची की मी पोटात असताना ती कांड्या भरत हुती, म्हंजे मी आधी मागाचा खटखटाट ऐकला आणि मग माणसाचा आवाज. कांड्या म्हंजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. तुला ठाऊक हाय गं, पर वाचणाऱ्याला ठाऊक नसंल म्हणून लिही. शाळा म्हणशील तर शाळेच्या दारापत्तुर मी एकदा गेलतो, मास्तरांच्या बायकोचं लुगडं द्यायला. सातव्या वर्षी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो तो बसलोच.

मग लगीन झालं, तुझी आई आली, तू झालीस. तुला मी काय शिकवलं म्हणशील तर कायसुदिक न्हाय. तू मागाशेजारी बसून मोठ्यानं वाचायचीस आणि मी इणायचो, शिवाजीम्हाराज झाले, पृथ्वी गोल झाली, इंग्रजी झालं, मला एक अक्षर कळायचं न्हाय, पर तू थांबलीस की माझा धोटा पण थांबायचा. तू बी.ए. झालीस त्या दिशी मी गल्लीत गूळ वाटला, लढाईच्या दिवसात पेढे कुठले, तर शेजारचा तुकाराम म्हणला, काय परशराम, पोरीला बीए केलीस, आता तिला लुगडं कोण इणणार, बालिष्टर? मी म्हणलं मीच इणणार, तुझ्या बायकोचं पण मीच इणतोय की. आमच्या गल्लीत काय, आमच्या अख्ख्या भावकीत पैली बीए तू. हे लिही. लाजू नको, खरं हाय ते लिहायचं.

तर ते बाकांचं. तेच सांगायला बसलो आणि भलतीकडंच गेलो.

तू मुलींच्या शाळेत बाई झालीस. तिथं इंग्रजी तिसरीपत्तुरच वर्ग हुते. चौथी काढायची तर दिपोटीसाहेबाची मंजुरी पायजे, दिपोटी म्हंजे शाळा तपासणारा सरकारी साहेब, आणि तो येईल त्या दिशी वर्गात दहा बाकं मांडलेली पायजेत, पोरी जमिनीवर बसलेल्या चालायच्या न्हाईत. मंजुरी न्हाय तर चौथी न्हाय, चौथी न्हाय तर तिसरी झालेल्या बावीस पोरी घरी. आणि घरी म्हंजे काय, नऊ जणींना स्थळं बघायला लागलतीच, आयांनी तुला तोंडावर सांगितलतं, बाई, वर्ग निघाला तर थांबतो, न्हायतर थांबून काय करायचं. कमिटीचे वकीलसाहेब, टिळकवाडीचे, ते म्हणले बाकांची जोखीम कोण घेतंय, आणि तू हात वर केलास. केलासच तू.

सुतार गाठलास तो मात्र सोन्यासारखा. शिवबसाप्पा, सांबऱ्याच्या पल्याडचा कानडी बडगेर, सा फूट उंच, हाताचा पंजा म्हंजे सूप. त्याच्यासारखं काम ह्या बाजूला दुसऱ्या कुणाचं न्हाय. दर शनवारी तो बाजाराला बेळगावात यायचा आणि तू वही घेऊन त्याला गाठायचीस. मिस्त्री, दोन बाकं? तो म्हणायचा, आत्री. तू वहीत लिवायचीस, दोन झाली. फुडल्या शनवारी, मिस्त्री, चार बाकं? आत्री, बाई. चार झाली. असे पाच शनवार झाले आणि वहीत दहाच्या दहा बाकं तयार, वकीलसाहेबांना कागदावर लिहून दिलंस, बाकं तयार हैत. दिपोटीसाहेबाचा दिवस ठरला. अकरा दिवस राहिले तवा आपण बाकं आणाय बैलगाडी घेऊन गेलो, तू आणि मी.

काय सांगू तुला, तू तर तिथंच हुतीस. अंगणात एक बाक उभं, आणि बाक म्हंजे कसं, असं वाटावं की त्याला हळदकुंकू लावावं. शेजारी दुसरं, नुस्तं पॉलिश राहिल्यालं. आणि बाकीचं सागवान ढीग करून ठेवल्यालं, फळ्या कापल्यात तेवढ्याच. आठ बाकं न्हाईतच. तू वही उघडलीस आणि त्याच्या नाकाफुडं धरलीस, हे बघा, पाच शनवार तुमी आत्री म्हणलाय. त्याला वाचता येत न्हाय, तो वहीकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय, म्हणतोय, आत्री अंद्र माडतीनि अंत री. आत्री म्हणलं म्हंजे बरं, करतो, असं म्हणलो की ओ मी. झालं असतं तर आग्याव, म्हंजे झाल्यात, म्हणलो नसतो काय?

कानडी तुला येत न्हाय असं न्हाय, भाजीवालीशी तू झ्याक भांडतीस कानडीतनं. आत्री म्हंजे झालं पण हुतंय आणि बरं पण हुतंय, हे शहापुरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पर हातात वही आली की माणसाला जे लिहायचं असतंय तेवढंच ऐकू येतंय. हे पण लिही. का थांबलीस? तुझ्याबद्दल हाय म्हणून? लिही, मी माझं पण सांगणार हाय फुडं.

तू त्या लाकडाच्या ढिगावर बसलीस आणि म्हणलीस, आप्पा, मी उद्या वकीलसाहेबांना जाऊन खरं सांगते. मी म्हणलं, सांग की, पर अकरा दिवसांनी सांग.

मी त्याचं काम बघत हुतो. तो एक बाक घ्यायचा आणि सगळं त्याचंच करायचा, कापणं, रंधा, खाचा, सांधे, घासणं, आणि ते पुरं झाल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा न्हाय. मी म्हणलं, शिवबसाप्पा, तू लुगडं इणत असतास तर नवरी म्हातारी झाली असती. तो रागानं म्हणला, बाकाला एकाच माणसाचा हात पायजे. मी म्हणलं, लुगड्याला असतोय व्हय एकाचा? सूत रंगवणारा येगळा, ताणा पसरणारा येगळा, खळ लावणारी येगळी, कांड्या भरणारी येगळी. इणणारा मी, म्हणून लोक म्हणत्यात परशरामाचं लुगडं. तसं बाक शिवबसाप्पाचंच म्हणतील. सांधे तू कर, बाकी आमची गल्ली करंल. तो म्हणला, कोष्ट्यांनी सुतारकी करायची म्हंजे बैलानं दूध द्यायचं. मी म्हणलं, दूध न्हाय मागत, गाडी तेवढी वडतो. मग त्यानं इचारलं, पोरीस्नी बाकं कशाला, बूड टेकायला जमीन पुरत न्हाय? तर तू ढिगावरनं उठलीस आणि त्याला त्या नऊ पोरींचं सांगितलंस, कानडीत, एक शबुद न चुकता. त्याची स्वताची लेक अकराव्या वर्षी नांदायला गेलती. तो उठून बैल जुपायला लागला.

लाकूड आणलं शहापुरात. सकाळी ज्या गल्लीत आमी ताणा पसरतो तिथं फळ्या पसरल्या. एका घरानं कापायचं, एका घरानं रंधा मारायचा, बायकांनी काचेच्या तुकड्यानं तासायचं, तुझी आई खळ लावायचा कुंचा घेऊन पॉलिश लावाय बसली आणि शिवबसाप्पा म्हणला, आक्का, भिंत रंगवतीस काय, हळू, हळू. तुकारामाच्या बायकोनं तर माग दोन दिवस बंद ठेवला. तुझी वही खरी कामाला आली ती तवा, कुणाच्या दारात किती फळ्या हैत, दिवेलागणीला तू सोता दारोदार जाऊन हात लावून मोजायचीस आणि मगच लिवायचीस.

आता माझं सांगतो. पाय कापायचं काम माझ्याकडं. आठ बाकांचे बत्तीस. मापाची पट्टी शिवबसाप्पाकडं, तो आत सांध्यात गुतल्याला, मी दारातनं इचारलं, पायाची उंची किती रे? तो आतनं वरडला, ओंद मोळ. म्हंजे एक हात. आमच्यात लुगडं हातानंच मोजत्यात, कोपरापास्नं बोटाच्या टोकापत्तुर, त्यात काय इचारायचं. मी माझा हात लावला आणि सकाळपास्नं दुपारपत्तुर बत्तीस पाय कापून रचून ठेवले, लई झ्याक. बाकाला फुडं लिहायची फळी जोडल्याली असतीया, तिचे खांब पण त्याच हातानं.

पैलं बाक जोडलं, उभं केलं, शिवबसाप्पा त्यावर बसला तर त्याचं गुडघं छातीला. तो उठला. माझ्याजवळ आला, माझा हात धरला आणि त्याच्या हाताला लावला, कोपराला कोपर. मी ह्यो एवढा माणूस, तुझी आईसुदिक माझ्यापरास बोटभर उंच. त्याची बोटं जिथं सुरू हुत्यात तिथंच माझी संपली. चार बोटं. बत्तीस पाय चार चार बोटं आखूड, आणि लढाईत नवं सागवान मिळायचं न्हाय, आणि दिवस राहिलते चार. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. तुझ्याकडं बघायचं मला धाडस हुईना. लेकीची शाळा बापानं कापली, असं माझ्या मनात आलं.

शिवबसाप्पानं त्याची ती दोन बाकं आणली, ती हळदकुंकवाची, आडवी केली, आणि करवत घेऊन त्यांचे पाय कापले. आठही पाय आणि फळीचे खांब, चार चार बोटं. मी म्हणलं आरं काय करतूस, ती तरी राहू दे. तो म्हणला, दोन उंच आणि आठ बुटकी दिसली तर चूक दिसतीया, दहा बुटकी दिसली तर माप दिसतंय. कापताना त्याच्या तोंडाकडं मी बघितलं न्हाय. स्वताचं काम असं कापणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाय.

दिपोटीसाहेब आला. मी आणि शिवबसाप्पा वर्गाच्या दाराभाईर चपला काढून उभं. पोरी भाईर व्हरांड्यात रांगेत. साहेब लांबडा माणूस, बाकावर बसला, गुडघं वर आलं, म्हणला, बाई, ही बाकं बुटकी का? वकीलसाहेब तुझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात शिवबसाप्पा दारातनंच म्हणला, साएबऽ, पोरींचं पाय जमिनीला टेकाय पायजे, म्हणून तसं केलोय. चांगलं जमलतं. साहेबानं मान पण हलवली. आणि तू, तुला काय गप बसवतंय व्हय, तू म्हणलीस, न्हाई साहेब, माप चुकलं, लाकूड नव्हतं, वेळ नव्हता, आम्ही तशीच जोडली.

मला वाटलं गेलं. मनात म्हणलं, परशराम, हे तूच केलास, पोरीला शिकवून खरं बोलायला लावलास.

साहेब बाकावरनं उठला. मग म्हणला, मुलींना बसवा. पोरी आत आल्या, तीन तीन बसल्या, आणि साहेब खाली वाकला, काय इचारणार देव जाणे, तर तो पायच बघत हुता. चव्वेचाळीस पाय, सगळे जमिनीला. म्हणला, मी इतक्या शाळा तपासतो, सगळीकडं मुलींचे पाय लोंबकळत असतात. कागद मागितला आणि सही केली.

त्या नऊ पोरींतल्या दोघींची लग्नं त्याच साली झाली, आईबाप न्हाय थांबले, ते माझ्या हातात नव्हतं, तुझ्याही नव्हतं. सात राहिल्या. दरसाल शाळेचा एक वर्ग वाढत गेला, आता त्या म्याट्रिकच्या वर्गात हैत. वर्गाबरोबर बाकं पण फुडं सरकवत नेली म्हणतीस, आणि परवा तक्रार घेऊन आलीस, आप्पा, पोरींचं गुडघं फळीला आपटत्यात, त्या वाकड्या बसून लिवत्यात, कमिटी नवी उंच बाकं करणार हाय. मला वाटलं तुला वाईट वाटतंय, म्हणून हे सगळं सांगत बसलो. मला न्हाय वाईट वाटत. पोरी वाढल्या म्हणून बाकं पुरंनात, ह्यापरास बरी तक्रार मी ह्या जल्मात ऐकली न्हाय. ती बाकं खाली धाकट्या वर्गाला द्या. आणि नवी करायला शिवबसाप्पालाच सांगा, आणि माप त्याच्याच हाताचं घ्या.

आता सूत मिळंना, आठवड्यातनं दोन दिवस माग गप असतोय. मग मी उंबऱ्यावर बसतो. साडेधाला पोरी समोरनं जात्यात, दप्तरं घेऊन, मोठ्यानं बोलत. वाढूंदेत पोरी. लई वाढूंदेत.